चतुःसीमा

चतुःसीमा येणेप्रमाणे:
बकहॉर्न ओढ्याच्या काठी, दोन खोडांच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात.
तिथून उत्तरेस एकशे चाळीस काठ्या,
साखरी मेपलपर्यंत, खोडावर कुऱ्हाडीचे तीन घाव.
तिथून पूर्वेस, जुन्या शेताच्या कडेने, एका करड्या खडकापर्यंत.
तिथून ओढा वळेल तसं वळत
परत पहिल्या झाडाशी.
चारशे एकर, कमी-जास्त.

मी ओहायोतल्या या जिल्ह्याची मोजणीदार.
एकतीस वर्षं लोकांच्या कुंपणांची भांडणं मिटवली.
निवृत्तीला आठवडा उरला
तेव्हा आमचाच कागद काढून बसले.
जेबेझ थॉर्नबरी, सन सतराशे सत्त्याण्णव.
माझ्या आजोबांच्या आजोबांचा बाप.

त्याची गोष्ट आमच्याकडे दर नोव्हेंबरात,
टर्कीचा सांगाडा उरला की.
ऑर्विलकाका हात पसरून सांगायचे:
तो आला तेव्हा इथे काही म्हणजे काही नव्हतं.
नुसतं रान, भरदुपारी कंदील लावावा असं.
एकट्याने झाडं पाडली
आणि पहिल्याच वर्षी मका काढला डोक्याच्या वर.
आम्ही पोरं घास तोंडातच धरून ऐकायचो.

पहिल्याच वर्षी.
मला हे कधी खटकलं नाही,
आणि मी म्हणे मोजमापाची माणूस.
जुना ओक मुळासकट निघायला बैलजोडी लागते,
दोन उन्हाळे लागतात.
जेबेझकडे एक घोडी होती, मागच्या पायाने अधू.
देण्याच्या यादीत आहे ती,
मीठ आणि खिळ्यांच्या मध्ये.

जुन्या शेताच्या कडेने.
कुणाच्या जुन्या?
मोजणाऱ्याने लिहिलं नाही.
त्याला पैसे काठ्यांचे मिळत होते.
दोन वर्षांपूर्वी तह झाला होता, शॉनी लोक उत्तरेला रेटले गेले होते;
शाळेच्या पुस्तकात हे चार ओळींत होतं,
उजव्या पानावर, खाली.

मग मेहेताबेलचं पत्र सापडलं, जेबेझच्या थोरल्या लेकीचं.
अक्षर किरटं, कागद दोन्ही बाजूंनी भरलेला.
हवामान, खोकला, कुणाचं तरी लग्न, आणि मध्येच:
“आई सांगायची, आम्ही आलो तेव्हा मातीचे उंचवटे आयतेच होते,
रांगेत, हातभर अंतरावर. बाबांनी त्यांतच बी टोकलं.
चुलीच्या दगडांपाशी एक मडकं होतं, पालथं घातलेलं,
परत येणारी बाई घालते तसं.
आईने तीन वर्षं त्याला हात लावला नाही.
मग आमचं बिडाचं पातेलं तडकलं.”

बस. पुढे पुन्हा खोकला.

तमसिनला, म्हणजे त्या आईला, लिहिता येत नव्हतं.
चाळीस एकर विकले त्या खतावर
जेबेझची सही ऐटदार, शेपटीवाली.
खाली तिची निशाणी: दोन रेघा, एकमेकींवर आडव्या.
दगडावर हद्द कोरताना
आम्हीही तीच खूण करतो.

शनिवारी गेले होते.
ओकच्या जागी पेट्रोल पंप आहे.
मेपल कुठे होता हे यंत्र सांगतं, जमीन सांगत नाही.
करडा खडक मात्र सापडला, सोयाबीनमध्ये,
नांगराने कड उडवलेला, उन्हाने तापलेला.
त्यावर बसून डबा खाल्ला.
आमच्या धंद्यात जुनी खूण हलवायची नसते,
सापडलं ते तसंच लिहायचं.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
शेत आधीपासून होतं.
खाली तारीख घातली.

ऑर्विलकाका मागच्या हिवाळ्यात गेले.
येत्या नोव्हेंबरात गोष्ट सांगायची पाळी माझी.
पोरं वाट बघतील, घास तोंडात धरून.
हात कुठवर पसरायचे
हे अजून ठरत नाही.